गिट्टी किती ब्रास लागेल? घर आणि पांदण रस्त्यासाठी अंदाज काढण्याची रीत

पहिल्यांदा गिट्टीचा, म्हणजे खडीचा, अंदाज काढला तेव्हा मी तीनशे मीटर पांदण रस्त्याची लांबी, रुंदी आणि जाडी गुणली, आलेल्या घनमीटरांना २.८३ ने भागून ब्रास काढले (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आणि २४ ब्रासची मागणी नोंदवली. गुणाकार बरोबर होता, भागाकारही बरोबर होता, आणि तरी रोलर फिरल्यावर रस्ता नाल्याच्या अलीकडे पाऊणशे मीटरवर संपला. पुढच्या वावरांचे मालक धुऱ्यावर उभे राहून माझ्याकडे पाहत होते. कागदावर मी रोलरने दाबून बसलेल्या थराचे घनफळ मोजले होते आणि क्रशरवरून मात्र मोकळी, सैल गिट्टी विकत घेतली होती. या दोन घनफळांत जवळजवळ एक तृतीयांशाचा फरक असतो. घर बांधायला निघालेला शेतकरी, ग्रामपंचायतीचा नवा सदस्य किंवा नुकताच कामाला लागलेला सुपरवायझर, यांपैकी कोणीही अंदाज काढायला बसला की त्याच्या हातून बहुधा हीच चूक आधी होते.

म्हणून कोणताही आकडा लिहिण्यापूर्वी तो कोणत्या अवस्थेतल्या गिट्टीचा आहे, हे ठरवावे. आपल्याकडच्या काळ्या बेसाल्टचा एक घनमीटर अखंड दगड साधारण २.८५ टनांचा भरतो. तोच दगड क्रशरमधून फुटून गाडीत पडला की तुकड्यांमध्ये पोकळी राहते आणि एका घनमीटरमध्ये जेमतेम दीड टन माल मावतो. रस्त्यावर पसरून रोलरने दाबला की पोकळी कमी होते आणि घनमीटरला सुमारे दोन टन माल बसतो. खदानवाला पहिल्या अवस्थेत विचार करतो, गाडीवाला दुसऱ्या आणि अभियंत्याचे मोजमाप पुस्तक तिसऱ्या. पैसे आपण दुसऱ्या अवस्थेचे देतो.

आधी एकके

विदर्भात खडीला गिट्टी आणि वाळूला रेती म्हणतात. नागपुरात तर गिट्टीखदान नावाची अख्खी वस्तीच आहे. सरकारी अंदाजपत्रकात मात्र ‘खडीकरण’ हाच शब्द असतो आणि मोजमाप घनमीटरमध्ये असते, तर बाजारात व्यवहार ब्रासने होतो आणि मोठ्या क्रशरवर काट्यावर टनाने होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. घनमीटरवरून घनफुटात जायचे असेल तर ३५.३ ने गुणावे. घराची मापे फुटात आणि स्लॅबची जाडी इंचात असते, त्यामुळे गुणाकारापूर्वी इंचांना १२ ने भागून फूट करायला विसरू नये. पाच इंचांऐवजी अर्धा फूट धरला तर स्लॅबचे घनफळ थेट वीस टक्क्यांनी फुगते.

ब्रास आणि टन यांचा संबंध मात्र पाठ करून चालत नाही, तो त्या त्या खदानीच्या मालावर मोजावा लागतो. अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ या पट्ट्यात बेसाल्टची गिट्टी मिळते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे ग्रॅनाइट आणि नाईस या जातीचे खडक आहेत, ते बेसाल्टपेक्षा हलके असतात. पश्चिमेकडचा टन-ब्रासचा हिशेब पूर्वेकडे तसाच लावला, तर दर ब्रासमागे काही घमेल्यांचा घोळ होतो.

यासाठी मी एक साधी युक्ती वापरतो. वीस लिटरची रंगाची रिकामी बादली घ्यावी, तिच्यात बरोबर वीस लिटर पाणी मोजून ओतावे आणि पातळीची खूण करावी. मग पाणी ओतून बादली कोरडी करावी, खुणेपर्यंत गिट्टी भरावी, दाबू नये, आणि किराणा दुकानातल्या काट्यावर तोलावी. बादलीचे वजन वजा करून ३० किलो आले, तर मालाची घनता लिटरला दीड किलो, म्हणजे घनमीटरला दीड टन झाली आणि एक ब्रास ४.२५ टनांचा ठरला. आता त्याच बादलीत गिट्टी बुडून खुणेपर्यंत पाणी येईल असे मोजून पाणी ओतावे. साधारण नऊ लिटर पाणी मावते. वीस लिटर गिट्टी म्हणून आपण जे घेतले, त्यात नऊ लिटर हवा होती, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की वरचा तीन अवस्थांचा मुद्दा पुन्हा कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पाणी गिट्टीत मुरण्यापूर्वी झटपट मोजावे, नाहीतर सच्छिद्र दगड थोडे पाणी पिऊन आकडा फुगवतो. दगड जास्तच पाणी पीत असेल, तर तो मांजऱ्या खडकाचा पोकळ माल असण्याची शक्यता आहे. तसला माल काँक्रीटसाठी घेऊ नये.

पांदण रस्त्याचा हिशेब

तोच तीनशे मीटरचा रस्ता पुन्हा घेऊ. रुंदी ३ मीटर आणि खडीकरणाचा दाबून बसलेला थर ७५ मिलिमीटर, म्हणजे ०.०७५ मीटर. ३०० × ३ × ०.०७५ = ६७.५ घनमीटर, हे झाले दबाईनंतरचे घनफळ. याला १.३३ ने गुणले की सुमारे ९० घनमीटर मोकळी गिट्टी लागेल असे उत्तर येते आणि २.८३ ने भागल्यावर ३१.८, म्हणजे ३२ ब्रास. मी मागवलेल्या २४ ब्रासमध्ये आणि या आकड्यात आठ ब्रासचा फरक आहे आणि नाल्याअलीकडचे पाऊणशे मीटर तिथेच गेले.

हा १.३३ चा गुणक हवेतून काढलेला नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या खडीकरणाच्या मानकात ६३ ते ४५ मिलिमीटर किंवा ५३ ते २२.४ मिलिमीटर आकाराच्या गिट्टीसाठी, ७५ मिलिमीटर दबलेल्या थराला दर दहा चौरस मीटरमागे ०.९१ ते १.०७ घनमीटर मोकळी गिट्टी सांगितली आहे. आपला रस्ता ९०० चौरस मीटरचा आहे, म्हणजे ८२ ते ९६ घनमीटर, आणि ९० हा आकडा बरोबर मधोमध बसतो. त्याहून मोठी, ९० ते ४५ मिलिमीटरची गिट्टी १०० मिलिमीटरच्या थरात वापरायची असेल, तर हेच प्रमाण १.२१ ते १.४३ घनमीटर होते. मोठ्या गिट्टीच्या फटी भरण्यासाठी जी चुरी (क्रशरवरचा बारीक चुरा) आणि मुरूम लागतो, त्याचा हिशेब वेगळा काढावा. तो माल पोकळीत शिरतो, थराची जाडी वाढवत नाही, त्यामुळे चुरी टाकतो म्हणून गिट्टी कमी घ्या असे कोणी सांगितले तर ऐकू नये.

विदर्भातला खरा खड्डा मात्र या गुणकाच्या खाली असतो. पांदण बहुतेक काळ्या मातीतून जाते. ही माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसात फुगून लोण्यासारखी मऊ होते. ओल्या काळ्या मातीवर थेट गिट्टी टाकली की खालचे दगड मातीत रुततात आणि माती वर फटींमध्ये घुसते. मग कितीही ब्रास टाकले तरी रस्ता गिळतच राहतो. आधी मुरमाचा थर टाकून, पाणी मारून, दाबून घेतला की गिट्टीचा अंदाज कागदावरच्या आकड्याजवळ राहतो. मुरमाचे पैसे वाचवून गिट्टीत घालवणारे काम मी एकापेक्षा जास्त गावांत पाहिले आहे. मुरमाचा अंदाजही त्याच पद्धतीने, दबलेल्या जाडीला दबाईचा गुणक लावून काढावा, फक्त त्याचा गुणक मातीच्या जातीप्रमाणे बदलतो म्हणून तो जागेवर लहान तुकडा दाबून पाहून ठरवलेला बरा.

घराचा हिशेब

काँक्रीटमध्ये दबाईचा गुणक नसतो, तिथे मिश्रणाचे प्रमाण असते. सिमेंट, रेती आणि गिट्टी कोरडी मोजून एकत्र केली की रेती गिट्टीच्या पोकळीत आणि सिमेंट रेतीच्या पोकळीत शिरते, आणि एकूण घनफळ घटते. एक घनमीटर तयार काँक्रीटसाठी सुमारे १.५४ घनमीटर कोरडा माल लागतो. १ : १.५ : ३ या प्रमाणाच्या, म्हणजे एम २० या प्रतीच्या काँक्रीटसाठी भागांची बेरीज ५.५ होते, त्यातले ३ भाग गिट्टीचे. १.५४ × ३ ÷ ५.५ = ०.८४. म्हणजे शंभर घनफूट काँक्रीटला ८४ घनफूट गिट्टी लागते आणि हा आकडा घनफूट, घनमीटर, ब्रास या कोणत्याही एककात तसाच चालतो. पायाखालच्या १ : ४ : ८ च्या पीसीसीसाठी, म्हणजे सळ्या नसलेल्या साध्या काँक्रीटसाठी, हेच गणित केले की ०.९५ येते.

उदाहरणासाठी बाहेरून २० × २५ फुटांचे, नऊ कॉलमचे एकमजली घर धरू. पुढचे आकार केवळ हिशेब दाखवण्यासाठी आहेत. फुटिंग, म्हणजे कॉलमखालची काँक्रीटची बैठक, किती खोल आणि किती रुंद घ्यावे हे, विशेषतः काळ्या मातीत, अभियंत्याने जागा पाहूनच ठरवायचे असते.

स्लॅब ५०० चौरस फूट आणि जाडी ५ इंच, म्हणून ५०० × ५ ÷ १२ = २०८ घनफूट. स्लॅबखाली दिसणाऱ्या बीमची एकूण लांबी ११० फूट, रुंदी ९ इंच आणि स्लॅबच्या खालची खोली १० इंच धरली तर ६९ घनफूट. इथे बीमची पूर्ण खोली धरू नये, कारण वरचे पाच इंच स्लॅबमध्ये मोजून झालेले असतात. नवखा माणूस हा भाग हमखास दोनदा मोजतो. साडेतीन फूट चौरस आणि एक फूट जाडीची नऊ फुटिंग ११० घनफूट, ९ × १२ इंचांचे सोळा फूट उंचीचे नऊ कॉलम १०८ घनफूट आणि ११० फूट लांबीचा ९ × १२ इंचांचा प्लिंथ (जोत्याचा) बीम ८२ घनफूट. सगळी बेरीज ५७७ घनफूट. याला ०.८४ ने गुणले की ४८५ घनफूट, म्हणजे ४.८५ ब्रास गिट्टी, आणि पाच टक्के सांडलवंड धरून ५.१ ब्रास.

पीसीसी वेगळी मोजावी, कारण तिला ४० मिलिमीटरची जाड गिट्टी चालते आणि ती स्वस्तही पडते. चार फूट चौरस नऊ खड्ड्यांत चार इंच थर म्हणजे ४८ घनफूट आणि आतल्या ४५० चौरस फूट जमिनीखाली चार इंच म्हणजे १५० घनफूट, एकूण १९८. याला ०.९५ ने गुणून १८८ घनफूट, सांडलवंडीसह दोन ब्रास.

सांडलवंड सोडून दोन्ही मिळून ६७३ घनफूट झाले, म्हणजे बांधकामाच्या चौरस फुटाला साधारण १.३५ घनफूट. मिस्त्री तोंडी सांगतो तो ‘फुटाला सव्वा ते दीड’ हा आडाखा याच्याशी जुळतो आणि कॉलम-बीमच्या घरासाठी पडताळा म्हणून तो वाईट नाही. पण तो लहान घराला तसाच लावू नये. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट आहे. क्षेत्रफळ निम्म्यावर आले तरी कॉलम निम्मे होत नाहीत, आणि उलट, कॉलम न घेता भिंतींवरच स्लॅब टाकला तर गिट्टी बरीच कमी लागते. आडाख्यावरून मागणी न नोंदवता दरवेळी बीम-कॉलम मोजूनच नोंदवावी.

आता हे ५.१ ब्रास एकाच आकाराचे मागवायचे नाहीत. भारतीय मानकानुसार गिट्टीचा मोठ्यात मोठा आकार सळ्यांमधल्या फटीपेक्षा पाच मिलिमीटरने लहान असायला हवा आणि सामान्य आरसीसी कामाला २० मिलिमीटर योग्य मानला जातो. नुसती वीस एमएम वापरली की काँक्रीट जाळीदार होते, म्हणून साधारण ६० टक्के वीस एमएम आणि ४० टक्के दहा एमएम घ्यावी. आपल्या घराला तीन ब्रास वीसची आणि दोन ब्रास दहाची. लांबट, पापडासारखी चपटी गिट्टी जास्त दिसत असेल तर माल परत करावा, ती नीट बसत नाही आणि सिमेंट जास्त पिते.

हिशेब बरोबर निघाला तरी कामावर प्रमाण ढळले की तो कोलमडतो. मिस्त्री घमेल्याने मोजतो आणि घमेले सकाळी सपाट तर दुपारी शिगोशीग भरले जाते. ५० किलो सिमेंटची एक गोणी सुमारे ३५ लिटरची असते. तेवढ्याच मापाचा लाकडी किंवा पत्र्याचा फर्मा करून घ्यावा आणि गोणीमागे दीड फर्मा रेती, तीन फर्मे गिट्टी घालावी.

गाडी मोजणे

अंदाज कितीही नेमका असला तरी माल गाडीत मोजून घेतला नाही, तर तो अंदाज गाडीवाल्याचा होतो. ट्रॅक्टर दारात आला की माल उतरवण्यापूर्वी टेप घेऊन ट्रॉलीवर चढावे. मागच्या वर्षी माझ्यासमोर ‘दीड ब्रास’ म्हणून एक ट्रॉली आली. आतली लांबी दहा फूट, रुंदी सहा फूट होती. फळीची उंची दोन फूट, पण माल कडांना एक फूट दोन इंच आणि मध्यभागी उंचवटा. ड्रायव्हरलाच फावडे देऊन माल सपाट करायला लावला, चार कोपऱ्यांत आणि मध्ये सळई खुपसून खोली पाहिली, सरासरी दीड फूट आली. १० × ६ × १.५ म्हणजे ९० घनफूट, ०.९ ब्रास. ड्रायव्हर म्हणाला, ‘साहेब, रस्त्यानं दबली ना.’ यात थोडे तथ्य आहे, कच्च्या रस्त्यावर हेलकावे खात आलेला माल काही टक्के बसतो. पण दीडचे पाऊण-एक होत नाही. माप क्रशरवर घ्यायचे की जागेवर, हे म्हणूनच भाव ठरवतानाच बोलून घ्यावे आणि एकदा मोजलेल्या ट्रॉलीचा नंबर व घनफळ वहीत लिहून ठेवावे.

मोठ्या गाडीला वजनाची कसोटी लावता येते. दहा चाकी टिप्परचे मालासह कायदेशीर एकूण वजन सुमारे २८ टन असते. गाडीचे स्वतःचे दहा-अकरा टन वजा केले की १७ टन माल, म्हणजे बेसाल्टचे चार ब्रास. अशा गाडीत सहा ब्रास आणल्याचे कोणी सांगत असेल तर एक तर गाडी बेकायदा भरली आहे किंवा ब्रास लहान आहे. गिट्टी गौण खनिज असल्याने प्रत्येक गाडीसोबत वाहतूक पास असावा लागतो. पासावरचा गाडी नंबर आणि ब्रासचा आकडा आपल्या वहीशी जुळवावा. काट्याची पावती मिळाली तर टनांना बादलीच्या प्रयोगातून निघालेल्या एका ब्रासच्या वजनाने भागून ब्रास काढावेत.

उतरवलेल्या ढिगाचे मापही काढता येते. ढीग शंकूसारखा गोल असेल तर तळाचा घेर फुटात मोजावा, घेराला घेराने आणि मग उंचीने गुणावे आणि ३७.७ ने भागावे. बारा फूट व्यासाच्या, सुमारे चार फूट दोन इंच उंचीच्या ढिगाचा घेर ३७.७ फूट येतो आणि घनफळ १५७ घनफूट, दीड ब्रासच्या थोडे वर. टिप्परने सोडलेला ढीग क्वचितच असा सुबक असतो, त्यामुळे हे माप शंका दूर करण्यापुरतेच वापरावे, बिलासाठी नव्हे.

ढीग कुठे टाकायचा

याच ढिगाखालचे दोन इंच काळ्या मातीत रुतले तर सुमारे १९ घनफूट गिट्टी गेली, म्हणजे दीड ब्रासमागे बारा टक्के. ती मातकट गिट्टी काँक्रीटमध्ये घालता येत नाही आणि सांडलवंडीसाठी धरलेले पाच टक्के तिथेच बुडतात. जागा आधी मुरूम टाकून दाबून घ्यावी किंवा जुनी ताडपत्री अंथरावी. वीसची आणि दहाची गिट्टी वेगवेगळी ठेवावी, मध्ये एखादी फळी उभी केली तरी पुरे. गायी-बकऱ्या आणि ढिगावरून घसरगुंडी खेळणारी मुले यांचा नाश मी मोजत नाही, पण तोही असतो.

मृग लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, पावसाळ्यातल्या कामाचा माल जागेवर यायला हवा. नंतर काळ्या मातीच्या वाटेवर भरलेली गाडी येत नाही, खदानीत पाणी साचते आणि भाव चढतो. तरीही सगळा माल एकदम मागवू नये. घराच्या उदाहरणात पाया आणि प्लिंथपर्यंतचा माल आधी आणावा, तो वापरून झाल्यावर उरलेला ढीग मोजावा आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहावा. पायाला हिशेबापेक्षा दहा टक्के जास्त गेले असेल, तर खड्डे जास्त खोदले गेले, फर्मा चुकला की गाड्या कमी भरल्या, हे तिथेच शोधावे आणि स्लॅबची मागणी त्यानुसार दुरुस्त करावी. स्लॅबच्या दिवशी मात्र हिशेबापेक्षा अर्धा ब्रास जास्तच ढिगावर असू द्यावा, कारण स्लॅब मध्येच थांबवून क्रशरला फोन लावण्याची वेळ आली तर तिथे पडणारा जोड पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात गळतो. उरलेला अर्धा ब्रास अंगणातल्या पीसीसीला किंवा मोरीच्या तळाला कामी येतो.